दहा किलो आठशे

१

धम्मदीपला ट्रायल घेतल्याशिवाय कुठलीही गोष्ट करायचं वावडं होतं. करुणाला बघायला दौंडला यायच्या आदल्या रविवारी तो एकटाच मोटरसायकलवर येऊन रस्ता, खड्डे आणि लागणारा वेळ बघून गेला होता, हे तिला लग्नानंतर वर्षभरानं कळलं. तेव्हा ती पोट धरून हसली होती. माणूस काळजीवाहू आहे, असा तिनं त्याचा अर्थ लावला. नव्या नवरीला सगळ्याच गोष्टींचा चांगला अर्थ लावता येतो, त्यात तिचा काय दोष.

रांजणगावच्या एमआयडीसीत गाड्यांच्या सीटा बनवणारी एक कंपनी होती, तिथं तो टेस्टिंगला होता. सीटवर माणसाच्या वजनाची डमी बसवायची, मशीननं ती लाख-दोन लाख वेळा हलवायची, आणि काय उसवलं, काय वाकलं ते लिहून ठेवायचं. आठ वर्षं हेच काम. घरी आल्यावर आमटीत मीठ कमी असलं तरी तो ते रिपोर्ट दिल्यासारखंच सांगायचा.

या उन्हाळ्यात वैशाखी पौर्णिमेला नागपूर गाठायचं, असा बेत होता. करुणाची थोरली बहीण माया तिथं नव्या घरात राहायला गेली होती. दीक्षाभूमीही होईल, मायाकडे चार दिवस राहणंही होईल. शिरूरहून नगर, नगरहून संभाजीनगर, तिथून समृद्धी महामार्ग. सव्वासहाशे किलोमीटरच्या पुढंच, आणि सोबत एकोणीस महिन्यांचा सुगत. करुणा म्हणाली होती, की भर मे महिन्यात लेकराला गाडीत कोंडून नेण्यापेक्षा दौंडवरून रेल्वेनं जाऊ. पण दारात चार महिन्यांची नवी गाडी उभी असताना रेल्वेचं नाव काढणं म्हणजे धम्मदीपला कमीपणा. त्यानं फ्रिजच्या दारावर कागद चिकटवला. ओआरएसच्या पुड्या, ओली फडकी, काचांचे जाळीचे पडदे, नाचणीचं सत्त्व, दुधाचा थर्मास. प्रत्येकापुढं दोन चौकोन, ओके आणि नॉट ओके.

पोरासाठी वेगळी सीटही मागवली. मागं डाव्या बाजूला ती घट्ट बसवली, आणि सुगतला तिच्यात ठेवलं. सुगतनं पाठीची कमान केली, टाहो फोडला आणि पाचव्या मिनिटाला नव्या कोऱ्या सीटवर ओकला. दुसऱ्या दिवशी पुन्हा तेच. धम्मदीपनं पट्टा सोडला, सीट पुसली, आणि जिवंत पोरावर ट्रायल होत नाही, डमी पाहिजे, असा निर्णय दिला.

डमी शिवली ती करुणानं. हे पुढं तिला किती वेळा आठवलं, त्याला सुमार नाही. बाळंतपणात नेसलेली मऊ सुती साडी तिनं दुहेरी केली, तिचं सुगतएवढं अंग बेतलं, आत बाजरी भरली. पट्टा दोन्ही पायांच्या मधून येतो म्हणून पाय केले, खांद्यावरून जातो म्हणून हात केले. डोकं केलं, पण तोंड काढलं नाही. धम्मदीपनं किराणा दुकानात नेऊन सुगतच्या वजनाइतकी बाजरी काटेकोर भरून आणली, दहा किलो आठशे ग्रॅम. मग सुगतच्या अंगातलं घामट झबलं काढून, न धुता, तिला चढवलं, कारण ट्रायल खऱ्या परिस्थितीत झाली पाहिजे.

कंपनीत टॅग नसलेली डमी टेस्टला चढत नाही, तसा त्यांचा नियमच असतो. म्हणून त्यानं पुठ्ठ्याचा तुकडा कापला, त्यावर मार्करनं ठळक अक्षरात लिहिलं: सुगत, वय एकोणीस महिने, दहा किलो आठशे. आणि सुतळीनं तो डमीच्या गळ्यात बांधला.

"त्याचं नाव कशाला घातलंत?" करुणानं विचारलं.

"मग काय लिहू, बाजरी?" तो म्हणाला. 

२

पहिल्या रविवारी तो सकाळी नऊला निघाला. न्हावऱ्यावरून केडगाव, तिथं त्याच्या सोजर आत्याकडं चहा, आणि परत. शंभरेक किलोमीटर होतात. करुणानं सुगतला स्वयंपाकघरात चटईवर बसवलं, पुढ्यात एक वाटी आणि चमचा दिला, आणि कामाला लागली.

एरवी हे पोर म्हणजे घरातलं वारं. पिठाचा डबा उघड, गॅसची नळी ओढ, मोरीत जाऊन बस. त्याच्या मागं पळता पळता करुणाचा जीव मेटाकुटीला यायचा. त्या दिवशी तिची भांडी झाली, कपडे झाले, चटणी कुटून झाली. तिनं चहा केला आणि तो गरम असताना प्यायली, एकोणीस महिन्यांत पहिल्यांदा. मायाला फोन लावून अर्धा तास बोलली. ही शांतता कुठून आली, असा प्रश्न तिला पडलाच नाही, आणि याचंही तिला नंतर फार वाईट वाटलं.

अकराच्या सुमाराला तिचं लक्ष गेलं. सुगत तिनं बसवला होता तिथंच होता. पाठ भिंतीला, पाय सरळ, हात दोन्ही बाजूंना टाकलेले. चमचा वाटीत जसाच्या तसा. डोळे उघडे होते, पण ते कशाकडं बघत नव्हते. तिनं हाक मारली. बिस्किट हातात दिलं तर ते बोटांतून घसरून चटईवर पडलं. तिनं त्याला उचललं, आणि कमरेत लचकच भरायची राहिली. झोपलेलं पोर जड लागतं हे तिला ठाऊक होतं. जागं पोर इतकं जड लागलेलं मात्र तिला आठवेना.

रात्री झोप झाली नसेल, दात येत असतील, असं काहीबाही ती मनाशी म्हणत राहिली. अंगाला ताप नव्हता. साडेबाराच्या सुमाराला गल्लीच्या तोंडाशी गाडी वाजली, गेट उघडलं, आणि पाचेक मिनिटांनी सुगतनं वाटी भिरकावून असं भोकाड पसरलं की शेजारच्या सुगराबी चाचींनी भिंतीपलीकडून काय झालं म्हणून विचारलं.

धम्मदीप डमी खांद्यावर टाकून आत आला. पट्टा एक सूतभर सरकला नाही, म्हणाला. मग सुगतच्या रडण्याकडं बघून त्यानं कपाळाला आठ्या घातल्या. येताना गाडीत काय शांत होतं, असं तो म्हणाला, आणि कागदावर ओकेच्या चौकोनात खूण केली.

३

दुसऱ्या रविवारी तो जेवण करून दुपारी गेला. उन्हात एसी किती पुरतो ते बघायचं होतं. पारगाव, तिथून राहू, वाटेत एका रसवंतीवर थांबा, मग केडगावकडून वळसा घालून घर. करुणानं या वेळी सुगतला आपल्याजवळ खोलीत ठेवलं, खिडकीला पडदा लावला, पंखा सोडला. पोर पुन्हा तसंच बसलं. ती त्याच्याशी बोलली, गाणी म्हटली, पोटात गुदगुल्या केल्या. शेवटी ती समोर भिंतीला टेकून नुसती बघत बसली. पंखा फिरत होता, आणि मधूनच सुगतचं डोकं अगदी थोडं पुढं जायचं आणि मागं यायचं.

चार वाजता गाडी आली, सुगत रडला, आणि तिनं त्याला मोरीत अंघोळीला नेलं. डावा गाल लाल झाला होता. उन्हानं भाजतो तसा, कानापर्यंत. डावा दंडही तसाच. उजवी बाजू मात्र नितळ. आणि दोन्ही खांद्यांवरून छातीवर आलेले, दोन बोटं रुंदीचे, लालसर पट्टे. तसेच जांघेत.

घामोळं असेल, तिनं स्वतःला सांगितलं. लंगोटाचं इलॅस्टिक काचलं असेल. चटईवर त्या गालावर निजला असेल. पण तो निजला नव्हता, ती सबंध वेळ त्याच्याकडं बघत होती.

सुगराबी चाचींना तिनं हे दाखवलं ही दुसरी चूक. चाचींनी सात नातवंडं अंगाखांद्यावर वाढवली होती. त्यांनी सुगतचं झबलं वर केलं, पट्ट्यांवरून बोट फिरवलं, आणि आवाज खाली आणून विचारलं, "करुणा, खरं सांग. कामाच्या वेळी बांधून ठेवतीस का गं ह्याला?"

 तिनं शपथा घेतल्या. चाची बरं म्हणाल्या, खोबरेल तेल लाव म्हणाल्या, पण जाताना त्यांनी सुगतच्या डोक्यावरून हात फिरवला तो फार सावकाश. त्या रात्री करुणा उशीत तोंड खुपसून रडली. ज्या बाईनं आपल्या बाळंतपणात पहाटे उठून डिंकाचे लाडू वळले, ती आता आपल्याकडं कशा नजरेनं बघणार, या विचारानं तिला झोप लागली नाही.

४

तिसऱ्या रविवारी तो निघाला तेव्हा तिनं फोन लावला आणि स्पीकर चालू ठेवून समोर ठेवला. कुठवर आलात, असं मधूनमधून विचारत राहिली. सुगत मांडीवर होता. न्हावरं आलं, तो म्हणाला. फोनमधून गतिरोधकाचा धाडकन आवाज आला, आणि मांडीवर सुगत उसळला. पुन्हा एक आवाज, पुन्हा उसळी. आपलेच गुडघे हलत असतील म्हणून तिनं त्याला खाली चटईवर ठेवलं आणि स्वतः चार हात लांब सरकली. इंडिकेटरची टिकटिक ऐकू आली. सुगत हळूहळू डावीकडं कलला, तसाच राहिला, आणि मग सरळ झाला.

तिनं धम्मदीपला गाडी थांबवायला सांगितलं. पट्टा सोडा, त्याला जरा उचलून घ्या, एवढंच करा. ट्रायल मध्येच तोडायची का, असं म्हणून त्यानं फोन ठेवला.

संध्याकाळी तिनं त्याला सगळं सांगितलं. त्यानं शांतपणे ऐकलं. कंपनीतही नवीन पोरं रात्रपाळीत मशीनसमोर बसली, की त्यांना डमीनं मान वळवल्यासारखं वाटतं, असं तो म्हणाला. दिवसभर एकटी असतीस, मोबाईल कमी बघ. मग तो गाडीकडं गेला, आणि तिनं खिडकीतून बघितलं, तो डमीच्या डोक्यावर सुगतची सुती टोपी घालत होता. टोपीचा बंद त्यानं हनुवटी जिथं असती तिथं बांधला, आणि बांधताना बंदात बोट घालून फार आवळलं नाही ना ते पाहिलं. सुगतच्या टोपीचा बंद त्यानं आजवर एकदाही बांधला नव्हता. करुणाला इतका राग आला की तिची तव्यावरची पोळी जळली.

रात्री जेवताना सुगतनं त्याच्या ताटात हात घातला. त्यानं तो बाजूला केला, सुगत रडायला लागला, आणि धम्मदीप ताटाकडं बघत म्हणाला, "चार तास गाडीत असतो, चकार शब्द न्हाई त्याचा. तुझं सारखं रडतंय."

तुझं. करुणानं घास ताटात ठेवला. तिला वाटलं, आता विचारावं, तुझं म्हणजे काय हो, आणि त्याचा म्हणजे कुणाचा. पण उत्तर काय येईल याची तिला भीती वाटली. तिनं सुगतला कडेवर घेतलं आणि उपाशीच उठली.

५

पौर्णिमेला सहा दिवस राहिले होते. शेवटची ट्रायल उरली होती, तिला तो हॉल्ट टेस्ट म्हणत होता. काचा बंद करून गाडी भर उन्हात उभी करायची आणि आत किती गरम होतं ते थर्मामीटरवर मोजायचं.

"आपण जेवायला उतरलो आन् हा झोपलेला असला, तर किती वेळ चालंल ते कळाय पायजे," तो म्हणाला.

"झोपलेला असला तर उचलून न्यायचं. ह्यात टेस्ट कसली?"

"आकडा माहीत असलेला बरा."

तिनं चावी पिठाच्या डब्यात लपवली. त्याच्याकडं दुसरी चावी होती. तिनं गेटसमोर उभं राहून हात जोडले, तेव्हा गल्लीतली दोन माणसं बघायला लागली आणि तिलाच लाज वाटली. बाजरीच्या गाठोड्यापायी बाई नवऱ्याला अडवतेय, हे तिलाही ऐकवेना. ती बाजूला झाली.

केडगावला स्टेशनजवळच्या मोकळ्या मैदानात त्यानं गाडी लावली. मैदानात झाड म्हणून नाही. सोजर आत्याचं घर तिथून पाच मिनिटांवर. आत थर्मामीटर टांगला, समोर फोन लावून त्याचं शूटिंग सुरू केलं, गाडी लॉक केली आणि तो आत्याकडं जेवायला गेला. हे सगळं करुणाला नंतर कळलं. तेव्हा तिला एवढंच माहीत होतं, की साडेबारा वाजून गेलेत आणि धम्मदीप फोन उचलत नाही.

सुगत चटईवर होता. आधी त्याचे कान लाल झाले, मग कपाळ. तिनं हात लावला आणि मागं घेतला. तव्याची कड चुकून लागावी तसं झालं. तिनं ओलं फडकं पिळून त्याच्या डोक्यावर ठेवलं, ते बघता बघता कोमट झालं. दुसरं ठेवलं, तेही. पंखा अंगावर होता, फरशी थंड होती, आणि पोराचे ओठ पापुद्रे धरत होते. अंगावर घामाचा थेंब नव्हता. श्वास मात्र भराभरा चालला होता, वरच्या वर.

तिच्या हाका ऐकून चाची आल्या, पोराला बघून त्यांनी तोंडावर हात घेतला, आणि त्या रिक्षा आणायला चौकाकडं धावल्या. शहाण्या बाईनं पोर उचलून त्यांच्या मागं धावायला हवं होतं. करुणाला तेवढं कळत होतं. पण तिनं सुगतला मांडीवर घेतलं आणि सोजर आत्याला फोन लावला.

सोजर आत्या सत्तरीची बाई, एका डोळ्याचा मोतीबिंदू काढलेला, दुसऱ्याचा पिकायचा राहिलेला. बटणाचा फोन, पण पहिल्या घंटीला उचलायची. धम्मदीप जेवून आडवा झालाय, असं ती म्हणाली. त्याला उठवा आणि गाडी उघडायला सांगा, करुणा म्हणाली. आत्या लांब गेली, काहीतरी बोलणं झालं, परत आली.

"म्हनतोय, गाडी ठेसनाजवळच्या मैदानात हाय, आजून वीस मिन्टं हायेत."

"आत्या, तुम्ही जा. वरवंटा घ्या हातात, आन् गाडीची काच फोडा. का म्हणून इचारू नका."

आत्यानं विचारलं नाही. तिनं चार लेकरं जन्माला घातली होती आणि त्यांतली दोन पुरली होती, अशा आवाजाची तिला ओळख असणार. फोनमधून चपलांची फटफट ऐकू येत राहिली, धाप ऐकू आली, स्टेशनातली अनाउन्समेंट ऐकू आली. मग चपला थांबल्या. करुणानं विचारलं, पोचलात का. काचेतून बघते, थांब, असं आत्या म्हणाली. मग बराच वेळ नुसतं वारं ऐकू आलं.

"करुणा," आत्या म्हणाली. तिचा आवाज अगदी बारीक झाला होता. "लेकरू तर हितं हाय गं गाडीत. त्वांड लालबुंद झालंय."

करुणानं फोन कानाला दाबला.

"मग तू कुनाला घिऊन बसलीयास?"

करुणानं खाली बघितलं नाही. डोळे समोरच्या फ्रिजच्या दारावर होते, त्या कागदावर, त्या चौकोनांवर. मांडीवरचं वजन तिला कळत होतं, आणि तळहाताखाली झबलं होतं. तिनं भीतीनं हात जरा आवळला, तेव्हा झबल्याच्या आत काहीतरी सरकलं. बारीक, कोरडं, भुसभुशीत, बोटांच्या दाबानं बाजूला होणारं. आता बघितलं तर जे दिसेल ते कायमचं खरं होईल, एवढंच तिच्या डोक्यात होतं.

"फोडा आत्या," ती म्हणाली.

पहिल्या घावाला नुसता आवाज आला. दुसऱ्या घावाला काच खळकन गेली, आणि त्याच क्षणी करुणाच्या मांडीवर ऊन ऊन ओल पसरली. सुगतनं लंगोट भिजवला होता. त्याच्या अंगातून घामाच्या धारा लागल्या, आणि त्यानं तोंड उघडून असा लांबलचक टाहो फोडला की बाहेर रिक्षातून उतरणाऱ्या चाची दारातच थबकल्या.

६

डॉक्टर म्हणाले, ऊन लागलंय. घरातच होता, सावलीत, असं करुणा म्हणाली. डॉक्टरांनी चष्म्यावरून तिच्याकडं बघितलं आणि सलाईन लावलं. पाचला त्यांना घरी सोडलं. आत्याला पुन्हा फोन लावून विचारावं असं करुणाला दहा वेळा वाटलं. उन्हाची तिरीप काचेवर, त्यात एक डोळा अधू, आत टोपी आणि झबलं. म्हाताऱ्या बाईला काय दिसणार दुसरं. हे सगळं तिनं स्वतःला नीट समजावलं, आणि फोन लावला नाही.

सहाला गाडी आली. अजून चांगलं ऊन होतं. मागच्या दाराच्या फुटक्या काचेला पिशवीचं प्लास्टिक लावलं होतं. धम्मदीप ओसरीवर बसून बूट काढायला लागला. तो चिडलेला नव्हता. दमलेला होता.

"आत्यानं काच फोडली," तो म्हणाला. "तू सांगितलंस म्हणं."

"कशाला ठेवलंत त्याला आत?" तिच्या तोंडून गेलं.

"झोपला होता गं," धम्मदीप बुटाची नाडी सोडत म्हणाला. "इतका शांत झोपला होता, उठवायचं जिवावर आलं. म्हटलं, तासाभराचा तर प्रश्न हाय."

करुणा थांबली. आता हा जीभ चावेल, तिला वाटलं. बाजरीला कसली झोप, असं म्हणून हसेल, कपाळावर हात मारून घेईल. तिनं त्यासाठी पुरेसा वेळ दिला. त्यानं दुसरा बूट काढला, मोजे काढून झटकले, आणि दोन्ही मोजे बुटात खुपसून ठेवले.

सुगत आज मरता मरता वाचला, ती म्हणाली. सलाईन लावलं होतं, हे बघा हाताला पट्टी. धम्मदीपनं तिच्या कडेवरच्या पोराकडं बघितलं. बरं हाय ना आता, म्हणाला. शेजाऱ्याच्या पोराची चौकशी करावी तसं. सुगतनं दोन्ही हात पुढं केले, बापाकडं जायला. आपणहून बापाकडं झेपावायची त्याची ही पहिलीच वेळ होती. धम्मदीपचं लक्ष गाडीकडं होतं.

"मी विचार केला," तो म्हणाला. "पौर्णिमेला सीटवर सुगत बसंल. त्याला आता सवय झालीय. ह्याला तू मांडीवर घे."

 ती आत गेली, शिलाई मशीनच्या खणातून कात्री काढली, आणि कडेवर पोर तसंच ठेवून अंगणात आली. इतका वेळ ती घाबरली होती. आता तिला नुसती चीड आली होती, आणि चीड आल्यावर फार मोकळं वाटत होतं. ती उसवणार होती. बाजरी चिमण्यांना टाकणार होती, साडीच्या चिंध्या चुलीत घालणार होती, आणि मग माहेरी दौंडला निघून जाणार होती. तिनं गाडीचं मागचं दार उघडलं.

ते सीटवर बसलेलं होतं. टोपी, झबलं, गळ्यात पुठ्ठा. झबल्यावर काचेचा चुरा पडला होता. तिनं झबलं वर केलं. पोटावरची शिवण तिची स्वतःची, दुहेरी टीप घातलेली. कात्रीचं टोक तिनं पहिल्या टाक्याखाली घातलं, आणि जरा वर उचललं.

कडेवर सुगतनं श्वास आत ओढला आणि पोट चोरलं.

तिनं कात्री बाहेर घेतली. पोरं अंग चोरतात. दिवसभर सुया टोचून घेतलेलं पोर, कात्री दिसल्यावर भिणारच. तिनं त्याचं तोंड आपल्या खांद्यावर वळवलं, म्हणजे त्याला काही दिसणार नाही. मग टोक पुन्हा टाक्याखाली घातलं. सुगतचं पोट तिच्या बरगड्यांना लागून होतं. तिनं कात्री हलवली, अगदी दोरा ताणेल एवढीच, आणि ते पोट एकदम आत गेलं आणि पोर कळवळून, दबक्या आवाजात रडायला लागलं.  एक टाका कापला की काय होईल, ते बघायची एकच रीत होती. ती ट्रायल तिच्यानं होईना.

मागून धम्मदीप आला. त्यानं तिच्या हातातली कात्री घेऊन गाडीच्या टपावर ठेवली. तिला सरक म्हणाला. वाकून त्यानं झबल्यावरचा चुरा हलक्या हातानं झटकला, पट्ट्याचं बटण दाबलं, आणि काखेत हात घालून त्याला बाहेर उचललं. बाजरी भरलेलं डोकं मागं लवंडलं. करुणाच्या खांद्यावर सुगतची मान तशीच मागं लवंडली, रडणं घशातच घुटमळलं, आणि डोळे आभाळाकडं लागले.

"मानेखाली हात घ्या," करुणा म्हणाली. "हळू."

त्यानं मानेखाली हात घेतला. सुगतला श्वास फुटला. मग ती दोघं, एकेक पोर खांद्यावर घेऊन, घरात गेली.